प्रकल्प नोंदी: शकुंतलेच्या कडेनं, टप्पा पहिला (मूर्तिजापूर ते दर्यापूर)

२८ डिसेंबर २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. मूर्तिजापूर ते अचलपूर, शकुंतला या वऱ्हाडातल्या जुन्या, छोट्या रेल्वेगाडीच्या लायनीच्या कडेकडेनं, पाठीवर सामान घेऊन तीन दिवस. लाइन ७६ किलोमीटरची आहे, म्हणजे रोजचे पंचवीसेक. मुक्काम दर्यापूर आणि अंजनगावला. पुढच्या हिवाळ्यात बारा जणांना घेऊन जायचं आहे. त्याआधी कुठून वळायचं, कुठे पाणी, कुठे जेवण, कुठे पाठ टेकायची, एवढं सगळं एका कागदावर हवं. तीनही टप्पे वेगवेगळ्या रविवारी चालून बघायचे, सुरुवात मूर्तिजापूरपासून.

लाइन निवडायचं कारण सोपं. नकाशात नुसता रस्ता पकडला की ट्रक आणि धूळ. नुसत्या पांदणी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटा, पकडल्या की तिसऱ्या वळणावर आपण कुठे आहोत हेच कळत नाही. लाइन मात्र कुठूनही ओळखू येते. दोन रुळांत ७६२ मिलिमीटरचं अंतर, लहान मुलाच्या एका ढांगेएवढं. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लायनीपर्यंत आणून मुंबईला पोचवायचा आणि तिथून बोटीनं मँचेस्टरला, यासाठी इंग्रजांच्या कंपनीनं ही टाकली. गंमत म्हणजे पुढे गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, नंतर कोणी विचारेल. रुळांवरून चालायचं नाही. गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची, आणि विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. आपण बाजूच्या पांदणीनं जायचं, पांदण संपली की डांबरी रस्ता. पूर्णा नदीही रस्त्याच्या पुलावरूनच ओलांडायची. फोटोसाठी रेल्वेच्या पुलावर चढणार म्हणून मावसभाऊ आत्तापासूनच हट्ट धरून बसला आहे. नाही म्हणजे नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

सामान तोललं. लटकवायचा काटा बाजारातून आणला, पॅकिंगच्या पिशव्या त्याला अडकवून एकेक वजन वहीत उतरवलं. झोपायची पिशवी आणि चटई धरून १ किलो ७००, रिकामी बॅग १ किलो ६००, कपडे १ किलो ३००. गॅसची छोटी शेगडी, डबी आणि भांडं ८०० ग्रॅम. दिवा, पॉवर बँक, औषधं, काटा असं किरकोळ ९०० ग्रॅम. झाले ६ किलो ३००. त्यावर तीन दिवसांचं खाणं २ किलो ४००: ओट्स, चिक्की, खाकरे, झटपट नूडल्स, बदाम-मनुका. पाणी दोन लिटर. एकूण १० किलो ७००.

पहिला टप्पा एका दिवसाचा असला तरी तीनही दिवसांचं सामान घेऊनच चालणार. नाहीतर चाचणी कसली?

पाण्याचे आठ ठिपके नकाशावर टाकले: हातपंप, विहिरी, देवळं, शाळा. दर तीन किलोमीटरला एक ठिपका येतो. कागदावर फार छान दिसतं.

आईनं बॅग बघून एवढंच विचारलं, "रस्त्यात गावं नाहीत का?"

१० जानेवारी, शनिवार, रात्र

मूर्तिजापूर. स्टेशनजवळ मुक्काम. दुपारी अमरावतीहून एसटीनं आलो, गावात जरा फिरलो. गाडगेबाबांचं बरंचसं बालपण याच तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. १९०५ मध्ये घर सोडल्यावर हा माणूस आयुष्यभर पायी हिंडला. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि एक फुटक्या मडक्याचं खापर. तेच ताट, तेच पाण्याचं भांडं, उन्हात तीच टोपी. आम्ही दोघं मात्र खोलीत बसून टूथब्रशचा दांडा कापावा की नको यावर वाद घालतोय. कापला नाही.

११ जानेवारी, रविवार

*६.४०* — निघालो. थंडी चांगलीच, बोटं सुन्न. पहिला अर्धा तास कोणीच बोललं नाही. पट्टे दोनदा आवळले. बॅगेचं वजन खांद्यावर नाही, कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं. ते नीट बसेपर्यंत बॅग आपलं अंग मागे खेचत राहते.

*७.३०* — लायनीच्या दोन्ही बाजूंना तुरी. काही उभ्या, काही कापून पेंढ्या घातलेल्या. कपाशीचं शेवटचं बोंड झाडावर. बाभळी रुळांच्या अंगावर आल्या आहेत. बैलगाडीतून जाणाऱ्या एका काकांनी गाडी थांबवली.

"शेगावले चालले का?"

"नाही काका, दर्यापूरला."

"मंग पायी काहून चालून राह्यले? एसटी नाही भेटली काय?"

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. पाठीवर बॅग आणि पायी म्हटलं की इकडे एकच अर्थ होतो, गजानन महाराज. दर्यापूर उत्तरेला म्हटल्यावर लोकांना आमची काळजी वाटायला लागते, हे बिचारे रस्ता चुकले. पुढच्या गावात एका आजीनं तर हात धरून पश्चिमेकडे वळवलं.

*९.२०* — लाखपुरी, फोनच्या हिशेबानं साडेअकरा किलोमीटर. ताशी सव्वाचारचा वेग, ठरवल्यापेक्षा बरा. हॉटेलात गरम आलूबोंडे आणि चहा. मावसभाऊ चार बोंडे खाऊन म्हणाला, चिक्की उद्यासाठी ठेवू. उद्या आम्ही घरी असणार होतो.

इथेच चूक झाली, आणि ती माझी. दोघांकडे जेमतेम एकेक लिटर पाणी उरलं होतं. हॉटेलात बाटल्या होत्या, बाजूला थंड पाण्याचे जार होते. मी नकाशा काढला, पुढे दोन हातपंप दिसले, आणि म्हणालो की दोन किलो वजन फुकट कशाला वाहायचं.

*१०.१५* — पूर्णा. पुलावर दहा मिनिटं. मावसभाऊ लांबून रेल्वेच्या पुलाकडे बघत राहिला. मी फोटो काढला, त्याचा.

*१०.४५ ते ११.३०* — या पाऊण तासात दीड किलोमीटर. नदीतून मोटरीनं पाणी उचलून हरभऱ्यावर तुषार लावले होते आणि त्यातला एक फवारा थेट पांदणीवर फिरत होता. काळ्या मातीची ओली पांदण म्हणजे काय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या चार पावलांत तळव्याला थर बसला, दहाव्या पावलाला तो बुटाच्या बाहेर आला. त्याला काडीकचरा चिकटला, त्यावर आणखी माती. काडीनं खरवडली की काडीला चिकटते, हातानं काढली की हाताला. शेवटी बांधावर बसलो, उजवा बूट काढला आणि काट्याला अडकवला. १ किलो ३१० ग्रॅम. घरून निघताना हाच बूट ४३० ग्रॅमचा होता. म्हणजे पाणी न घेऊन दोन किलो वाचवले आणि दोन्ही पायांना मिळून पावणेदोन किलो शेतकऱ्याचं शेत बांधलं.

मोजा ओला झाला. टाचेला चरचर सुरू.

*११.५०* — ठिपका क्रमांक पाच, देवळाजवळचा हातपंप. चालू होता, पाणी स्वच्छ, थंडगार. बाटलीत भरलं, फिल्टरमधून काढलं आणि सरळ बॅगेतल्या पाण्याच्या पिशवीत ओतलं. तिच्यात चांगलं पाणी अजून पाऊण लिटर तरी होतं. घाम बराच गेला होता, म्हणून ओआरएसचं पाकीटही त्यातच फोडलं. मग नळी तोंडात धरून मोठा घोट घेतला.

खारट. नुसतं खारट नाही, जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, आणि घोट गिळला तरी तोंड कोरडंच. मावसभाऊ म्हणाला, ओआरएस असंच लागतं. त्याला हातपंपाचं पाणी नुसतं प्यायला दिलं. त्यानं तोंडातलं तिथेच टाकलं.

मी अमरावतीत वाढलो. खारपाणपट्टा हा शब्द शाळेत भूगोलाच्या पेपरात पाच मार्कांना लिहिला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ, त्यात क्षार, पाण्याचा निचरा नाही, म्हणून भूजल खारं. अकोला, अमरावती, बुलढाणा, तीन जिल्ह्यांची नावं लिहिली की पैकीच्या पैकी. आणि नकाशावर पाण्याचे आठ ठिपके टाकताना याच पट्ट्यातून चाललोय हे डोक्यात आलंच नाही. फिल्टर गढूळपणा अडवतो, जंतू अडवतो. विरघळलेलं मीठ त्याच्यातून आरपार जातं. क्लोरीनच्या गोळीचंही तेच. भारीतल्या भारी फिल्टरनं गाळलेलं खारं पाणी हे स्वच्छ खारं पाणी असतं. त्यात मी वरून मिठाचं पाकीट टाकलं होतं आणि चांगलं पाऊण लिटर घालवलं होतं.

मावसभावाकडे अर्धा लिटर. दर्यापूर अजून नऊ किलोमीटर.

*१२.३०* — अठराव्या किलोमीटरला पांदणीच्या कडेला मोठा कडुलिंब. खाली शेंदूर लावलेला देव, ट्रॅक्टर उभा, पंधरा-वीस माणसं, आणि धूर. धुराचा वास आधी आला, माणसं नंतर दिसली. आम्ही मान खाली घालून जायला लागलो तर मागून हाक:

"ओ भाऊ! या जेवाले!"

नाही म्हणायचं म्हणून म्हटलं, आमच्याजवळ आहे खायला. एक आजी पदर खोचून उठली. "काय हाय?" मी चिक्की म्हटलं. पोट्टे हसले.

रोडग्याचं जेवण होतं, नवसाचं. पौषातला रविवार. बसलो ते जवळजवळ पावणेदोन तास. ठरलेली वेळ होती पंचवीस मिनिटं.

रोडगे कसे करतात ते पाहिलं, म्हणून लिहितो. कणिक जाडी, ओवा-मीठ घालून घट्ट मळलेली. बायका तिच्या लहान लहान पुऱ्या लाटत होत्या, एकीवर तेलाचं बोट, तिच्यावर दुसरी, पुन्हा तेल, अशा चार. मग पाचव्या पुरीत ती थप्पी बांधून चेंडूसारखा गोळा. पलीकडे गोवऱ्यांचा ढीग पेटवून तो निखाऱ्यावर आला होता. एक काका लांब काडीनं निखारे बाजूला सारून गोळे आत ठेवत, वरून राख लोटत, आणि कोणता कधी उलटायचा हे वासावरून ठरवत. मी घड्याळ बघत होतो, ते एकदाही बघत नव्हते. बाहेर काढलेला रोडगा फडक्यात घेऊन आपटायचा, राख झडते, वरचं कवच तडकतं. मग तो पत्रावळीवर कुस्करायचा. आतले पदर मऊ, वाफाळलेले. त्यावर तूप. बाजूला गंजभर वांग्याची भाजी, वर लाल तर्री आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वरण. गुळाचा खडा.

पहिल्या रोडग्यानंतर मला राहवलं नाही. एक न फोडलेला रोडगा रुमालात बांधून काट्याला अडकवला. १६० ग्रॅम. सगळे बघायला लागले.

आजी म्हणाली, "सोनं तोलून राह्यला काय रे?"

मी नोंदी, टप्पे, वजन असं काहीतरी समजावलं. तिनं बॅग उचलून पाहिली, दोन इंच उचलली आणि ठेवली. "एवढं काय भरलं यात?" शेगडी दाखवली, नूडल्स दाखवल्या. तिनं पाकीट हातात घेऊन हलवलं, आवाज ऐकला आणि परत दिलं.

पाण्याचं विचारलं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन जार होते, आरओचे, गावातून आणलेले. स्वयंपाकाला पण तेच. समोर पन्नास पावलांवर विहीर आहे, भरलेली.

"त्या पान्यात डाय शिजत नाई," आजी म्हणाली. "साबनाचा फेस येत नाई. म्हशी पेतात, त्याइले बी आवडत नाई."

काकांनी भर घातली की खोल गेलं तर आणखीच खारं, म्हणून बोअर करण्यात अर्थ नाही. ओलित नाही, पण काळी माती ओल धरून ठेवते, हरभरा त्या ओलीवरच येतो. गावाला नळाचं पाणी वरून, शहानूर धरणाकडून येतं, ते रोज येतंच असं नाही. आम्ही ठिपके लावलेल्या आठपैकी किती गोडे, असं विचारलं. त्यांनी नकाशा बघितला, बोटानं मोजले. दोन. आणि त्यातला एक पंप बंद आहे.

मी तीन रोडगे खाल्ले, मावसभावानं चार. पैसे विचारायची हिंमत झाली नाही. देवापुढे नारळ ठेवायला म्हणून दिले ते घेतले. माझ्या पिशवीतलं खारं पाणी कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि जारमधून दोघांनी दोन-दोन लिटर भरलं. आजीनं ओतताना विचारलं, "एवढं पुरन काय?" सकाळी हाच प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

टाचेला फोड आला होता, पावलीएवढा. फोडला नाही. कोरडं करून वर कागदी चिकटपट्टी, कोरडा मोजा. पोट्ट्यांनी हे ऑपरेशन जवळून पाहिलं.

*२.१५ ते ४.३०* — शेवटचे सात किलोमीटर सव्वादोन तासांत. ताशी तीनच्या थोडं वर. पोटात चारेकशे ग्रॅम कणिक आणि त्यावरचं तूप घेऊन माणूस चालत नाही, सरकतो. दोनदा बसलो. ऊन पाठीवर. दोन लिटर पाणी दोघांनीही संपवलं, वांग्याची भाजी आपलं पाणी मागत होती. वाटेत एका शेतात हिरव्या हरभऱ्याचा हुळा भाजत होते, त्यांनीही हाक मारली. या वेळी खरंच नाही म्हणालो.

*४.३०* — दर्यापूर. २५.३ किलोमीटर. बनोशाच्या बाजूनं आत शिरलो. एसटी स्टँडवर बॅग उतरवली, काट्याला अडकवली: खाणं जसंच्या तसं, फक्त दोन चिक्क्या कमी. त्या पोट्ट्यांना दिल्या होत्या.

१२ जानेवारी, सोमवार

पाय ठीक. फोड दुखतो. ऑफिसात चप्पल घालून गेलो, साहेबांनी विचारलं, सांगितलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ खात खात नकाशा दुरुस्त केला. पाण्याचे आठ ठिपके पुसले आणि नवे तीन रंग घेतले. निळा म्हणजे पिण्याचं: लाखपुरीतली हॉटेलं, दर्यापूर, आणि तो एक गोडा पंप. पिवळा म्हणजे वापरायचं: हातपाय धुवा, रुमाल भिजवून डोक्यावर टाका, पिऊ नका. राखाडी म्हणजे बंद. लाखपुरी ते दर्यापूर या तेरा-चौदा किलोमीटरमध्ये निळा एकच, तोही भरवशाचा नाही. म्हणजे लाखपुरीतून निघताना माणशी तीन लिटर, उन्हाचे दिवस असतील तर चार.

बॅगेचा हिशेब फिरवला. शेगडी-भांडं बाहेर, ८०० ग्रॅम गेले. खाणं २ किलो ४०० वरून ६०० ग्रॅमवर: चिक्की, बदाम, आणि रस्ता चुकला तर दोन पाकिटं नूडल्सची, ती कोरडीच खायची. पाणी चार लिटर. एकूण १० किलो १००. आठवडाभर डोकं चालवून सहाशे ग्रॅम कमी झाले. पण आधी पाठीवर खाणं होतं आणि पाणी रस्त्यात मिळेल म्हणून धरलं होतं. आता ते बरोबर उलट आहे.

मावसभावाचं म्हणणं, काटाही काढ, नव्वद ग्रॅम आहे. काटा राहील.

पांदणीचा तो दीड किलोमीटरचा तुकडा नकाशात तांबडा केला. ओलित चालू असेल तर डांबरी रस्त्यानं वळसा घ्यायचा.

१८ जानेवारी, रविवार

मोटरसायकलनं पुन्हा गेलो, फक्त पाणी बघायला. घरोघरी पाण्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून खिशातला मीटर आणला, पेनाएवढा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. लाखपुरीच्या हॉटेलातल्या जारचं पाणी शंभराच्या आत. ठिपका पाचचा हातपंप दोन हजाराच्या पुढे गेला. तरी बरं, मीटरमध्ये ओआरएस नव्हतं.

परत येताना कडुलिंबापाशी थांबलो. कोणी नव्हतं, राखेचा गोल फक्त. गावात विचारत आजीचं घर काढलं. पुढच्या हिवाळ्यात बारा जण येऊ म्हटलं, पौषातल्या रविवारी, आणि खर्च आमचा. तिनं बोटांवर मोजलं. बारा जण, तीन-तीन रोडगे, म्हणजे छत्तीस, आणि माझ्याकडे बघून चाळीस केले. कणिक ती दळून ठेवेल, गोवऱ्या तिच्याच, वांगी शेतातली, तूप आम्ही आणायचं.

"अन् पानी?" मी विचारलं.

"ते तुमीच आना," ती म्हणाली. "दोन जार. भांडे घासाले विहिरीचं चालते."

लाखपुरीत ऑटोवाल्याशी बोलून ठेवलं. दोन जार, बाराच्या आत, पांदणीच्या तोंडापर्यंत. तिथून झाडापर्यंत तीनशे पावलं आहेत, जार कोण उचलणार ते ठरायचं आहे.